म्हशीचा ढेकर

पडेगावचे आमचे दूधवाले मामा आधी म्हशीची खुशाली सांगतात, मग माझी विचारतात. एकदा मी बोलून गेलो, की जनावरांच्या ढेकरांनीही हवा तापते. वर हेही सांगितलं, की न्यूझीलंडच्या हवा तापवणाऱ्या वायूंत शेती-जनावरांचा वाटा आपल्या देशापेक्षा मोठा आहे. मामांनी ती शर्यतच मानली. आपला वाटा आणखी घटावा म्हणून म्हशीला मूठमूठ ओवा चारू लागले. दुधाला ओव्याचा वास यायला लागला, पुंडलिकनगरातली गिऱ्हाइकं तुटली. मी मात्र खाली मान घालून त्याच दुधाचा चहा पीत राहिलो.

काल अखेर सांगून टाकलं, "मामा, आपल्या जनावरांचा वाटा लहान दिसतो, कारण आपल्या कोळशाचा अन् गाड्यांचा धूरच मोठा आहे."

"म्हंजी म्हशीची चूक नाय?"

"एवढी नाय."

त्यांनी ओव्याची पिशवी माझ्या स्कूटरला अडकवली.

"मग हिला चारा, साहेब. लई ढेकर देती."