अंगठ्याची मर्जी

आमच्या हॉलमध्ये एक पद्धत आहे. पक्षाघाताने गेलेला हात किंवा पाय पहिल्यांदा आपणहून हलला, की सगळे थेरपिस्ट हातातलं काम टाकून त्या पेशंटभोवती गोळा होतात आणि टाळ्या वाजवतात. बाकीचे पेशंटही वाजवतात. ज्यांचा एकच हात चालतो ते मांडीवर थाप मारतात. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, हैदराबादेतल्या तारनाक्याच्या या इमारतीत रोज कोणाचा तरी वाढदिवस असतो. रोज कुठला! कधी कधी महिनाभर एक टाळी पडत नाही, त्यामुळे आम्ही टाळीला अगदी हपापलेले असतो.

मी फिजिओथेरपिस्ट. जन्माने हैदराबादची. घरात मराठी, गल्लीत दखनी, कामावर तेलुगू, म्हणजे तीन भाषांत लोकांवर ओरडता येतं, आणि मी ओरडतेही. माझे एक पेशंट, आम्ही त्यांना काका म्हणायचो, सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात विक्रेते होते. पक्षाघात झाला आणि डावा हात गेला. पाय सुधारला, बोलणं शाबूत राहिलं, पण हात खांद्यापासून लोंबकळायचा. शेठजींनी गादीवरची त्यांची जागा राखून ठेवली होती, हात आला तरच या अशा बोलीवर. "एका हाताने भात खाता येतो बेटी," काका म्हणायचे, "साडीची घडी नाही पडत." दुकान सुटलं तर मी संपलो, असंही एकदा हसत हसत म्हणाले. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

सगळी मदार अंगठ्यावर होती. मेंदूत अंगठ्याला अख्ख्या पाठीपेक्षा जास्त जागा दिलेली असते, हे मी कॉलेजात घोकलं होतं. एवढा थाटमाट असून हा पठ्ठ्या ढिम्म! मी त्याला बर्फ लावला, ब्रश फिरवला, गोंजारलं, मनातल्या मनात शिव्याही घातल्या.

आणि एका सकाळी टेबलावर ठेवलेला तो अंगठा हलला.

"आला! अंगठा आला!" मी ओरडले. सगळे धावले. टाळ्या सुरू झाल्या. अंगठा आणखी हलला, मग बोटं, मग मनगट. "शाब्बास काका, अजून जोर!" कोणीतरी म्हणालं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, डोळे मिटून हात जोडले. त्या सगळ्या जल्लोषात फक्त काका सामील नव्हते. परका माणूस घरात शिरून आपली भांडी वाजवायला लागावा, तसे ते स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"बेटी," ते म्हणाले, "हे मी नाही करत."

आमच्या सीनियर मॅडम गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी हात पाहिला, मग काकांच्या ओठाचा ओढला जाणारा कोपरा पाहिला, आणि तेलुगूत एवढंच म्हणाल्या, टाळ्या बंद करा, ही फिट आहे.

आम्ही काकांना खाली व्यायामाच्या गादीवर उतरवेपर्यंत सगळं अंग झटके देऊ लागलं. आता धरणं हा तर आमचा धंदा. आखडलेला हात सोडवायचा, थडथडणारा पाय दाबून शांत करायचा, हे आमची बोटं विचारही न करता करतात. दोघांनी काकांचा दंड धरलाच. "सोडा," मॅडम म्हणाल्या, "धरायचं नाही." त्यांनी डोक्याखाली टॉवेल सरकवला, स्टूल लांब लोटलं, काकांना कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघितलं. पाच मिनिटांत थांबली नाही तर अॅम्ब्युलन्स, असं एकाला बजावून ठेवलं. कोणाचे तरी नातेवाईक हातात द्यायला चाव्यांचा जुडगा घेऊन आले, दुसरे कोणी दातांत घालायला चमचा शोधत होते. मॅडमनी दोघांना नजरेनेच परत पाठवलं. आम्ही सगळी धरणारी माणसं मग हात बांधून उभी राहिलो.

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण भीतीहून मोठं असं काहीतरी मला होत होतं. ज्या हाताची मी महिनोन्‌महिने मनधरणी केली, तो आता कोणी न सांगता उसळत होता, आणि त्यात माझ्या दोन्ही हातांपेक्षा जास्त ताकद होती. कवटीच्या आत कुठेतरी अंगठ्याच्या जागी ठिणगी पडली होती आणि ती शेजारच्या जागा पेटवत गेली होती: मनगट, कोपर, ओठ. पुस्तकातला मेंदूचा नकाशा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो खरोखर माणसाच्या आत असतो, आणि ज्याचा आहे त्याला न विचारता असा धडाधडा चालू शकतो, यावर माझा त्या दिवसापर्यंत खरा विश्वास नव्हता. देवळात कधी येत नाही तसा अंगावर काटा आला.

मग ते थांबलं. आधी श्वास परत आला, घोरल्यासारखा. मग डोळे. डोळ्यांमागून काका यायला बराच वेळ लागला. आल्यावर त्यांनी विचारलं, "दुकान उघडलं का?" हात मात्र पहिल्यापेक्षाही ढिला पडला होता.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पक्षाघाताचा मेंदूत व्रण राहतो, त्याने कित्येक महिन्यांनंतरही फिट येऊ शकते, व्यायाम बिनधास्त चालू ठेवा, असं त्यांनी समजावलं. काकूंना ते पटेना. "नक्को बाई आता," त्या मला म्हणाल्या. "हात हलवायला गेले आणि डोकं हललं." मी चिडले. व्यायामाने फिट आली नाही हो, असं तीन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात, आणि त्या निघून गेल्या.

त्याच आठवड्यात मॅडमनी आम्हा सगळ्यांची उजळणी घेतली, फिट आली तर काय करायचं याची, आणि काकूंना मुद्दाम बोलावलं. पेशंटचं सोंग माझ्याकडे आलं. मी गादीवर पडून जीव खाऊन हातपाय झाडले. "अशी येते का फिट?" काकू म्हणाल्या. "तू तर लेझीम खेळायलीस!" आणि पदराने डोळे पुसत हसल्या. मग स्वतः खाली बसून त्यांनी मला कुशीवर वळवलं. अगदी बरोबर वळवलं. दुसऱ्या दिवशी त्या काकांना घेऊन आल्या.

पुढे कित्येक आठवडे काही नाही. मग एका दुपारी अंगठा हलला.

कोणी ओरडलं नाही. काकू उठून उभ्या राहिल्या. मॅडमनी उशी जवळ ओढली. मी काकांचे डोळे पाहिले, ओठ पाहिले, काही कळेना. अंगठा हलतच होता. थांब म्हटल्याने फिट थांबत नाही, एवढं मला माहीत होतं.

"काका," मी म्हणाले, "थांबवा."

अंगठा थांबला.

हात हलताना मी पुष्कळ पाहिलेत. थांबलेला अंगठा बघून मात्र मला रडू आलं. त्या एवढ्याशा स्तब्धपणात अख्खा माणूस बसलेला होता. "हलवा," मी म्हणाले. हलला. "थांबवा." थांबला. मी पुन्हा तोंड उघडलं तसे काका म्हणाले, "आता तू गप बस बेटी. माझा अंगठा हाय, माझ्या मर्जीने हलेल."

आणि त्यांनी तो हलवलाच नाही. हॉलभर माणसं श्वास रोखून बघतायत, आणि काका आरामात खुर्चीला टेकून आमच्याकडे बघतायत. शेवटी काकूच रडत रडत ओरडल्या, "हलवा ना हो आता!"

तेव्हा कुठे हलवला.