न्याबोचं नाव

"गुडघ्यांवर बस," प्रोफेसर म्हणाला.

मी बसले.

साल चौऱ्याऐंशी. लंडनमधल्या एका युनिव्हर्सिटीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली. चहाचे कप हातात घेतलेले आठ-दहा पाहुणे, टेबलावर टेपरेकॉर्डर. मी तिथली नवी रिसर्च स्टुडंट, वय सव्वीस. प्रोफेसर लुगांडाचा मोठा जाणकार. लुगांडा म्हणजे युगांडातली एक भाषा, बांटू भाषांच्या मोठ्या गोतावळ्यातली. तिथल्या बायका नमस्कार कसा करतात ते त्याला पाहुण्यांना दाखवायचं होतं. लहानपणापासून लुगांडा बोलणारी त्या खोलीत मी एकटी. म्हणून कार्पेटवर गुडघे टेकले आणि म्हणाले, "ओसीबे ओत्या, सेबो." दिवस कसा गेला, साहेब?

तो रेकॉर्डरच्या काट्याकडे बघत होता.

"लव्हली. वन्स मोअर, प्लीज."

तीनदा केलं. एकाने फोटो काढला. मग ते सगळे आपापसात बोलायला लागले आणि मी तशीच खाली. का? तर उत्तराची वाट बघत. त्या लोकांत गुडघे टेकणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. तू कशी आहेस, घरचे कसे आहेत, आई बरी आहे ना. हात हातात घेऊन विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत खालच्यानं उठायचं नाही आणि बसलेल्यानं हलायचं नाही. मान दोघांचाही असतो. हे मला इतकं अंगात भिनलेलं की बावळटासारखी थांबले. शेवटी एक बाई म्हणाली, "यू कॅन गेट अप नाऊ, डिअर." पाहुणे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

हे अंगात कुठून भिनलं, ते सांगते. माझा बाप भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपातला फिटर, तिथून कंपालाच्या रेल्वेत गेला. माझा जन्म तिथला. क्वार्टर्समध्ये मराठी घरं दोन. एक आमचं, एक हेडक्लार्कचं. हेडक्लार्कच्या बायकोनं आमचं आडनाव ऐकलं आणि आम्ही पोरं त्यांच्या व्हरांड्याच्या पायरीवरच थांबलो, कायमची. आम्ही महार. समुद्र ओलांडला तरी जात काही बोटीतून पडली नाही. मग मी कुंपणापलीकडच्या युगांडन घरात वाढले. तिथं मला कोणी पायरीवर थांबवलं नाही. त्या घरातल्या आजीपुढे मी रोज गुडघे टेकायची आणि ती रोज माझी वास्तपुस्त करायची. माझी पहिली माया त्या भाषेत आहे. मराठी दुसरी.

मी चौदा वर्षांची असताना युगांडातून सगळ्या हिंदी लोकांना हाकललं, त्यात आम्हालाही. इंग्लंडात, लेस्टरला आलो. बाप होजिअरीच्या कारखान्यात लागला. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला कोट सांभाळायला बसवायचे. मोदकांच्या खोलीत बायका पुष्कळ आहेत म्हणे. पुढे मी बांटू भाषांचा अभ्यास करते हे कळल्यावर एक डॉक्टरीणकाकू मला म्हणाल्या, "अगं, काळ्यांच्या भाषेत काय शिकायचं? जर्मन तरी घ्यायचंस." मी म्हटलं, "काकू, तुम्ही किती काळ्या भाषा शिकलात?" आई मला घरी आल्यावर रागावली. मी म्हटलं, रागाव. कोट मात्र यापुढे मी सांभाळणार नाही.

काकूंना असं तोंडावर बोलणारी मी प्रोफेसरपुढे मात्र गप्प. कारण डॉक्टरेट त्याच्या सहीवर होती. माझ्या खानदानात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नाही. ती सही म्हणजे माझ्यासाठी सगळं काही.

मी लंडनजवळ स्लाऊला राहायला आले. दिवसा कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी, उरलेल्या वेळात थीसिस. लायब्ररीतच मला न्याबो भेटली. न्याबो म्हणजे बाई, आई. मानानं हाक मारायचा शब्द. वय साठीला टेकलेलं. युगांडात शाळेची हेडमिस्ट्रेस होती, लढाईतून जीव वाचवून आली आणि ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंग लाइनवर उभी राहिली. मी तिच्याशी लुगांडात बोलले तर तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. दर रविवारी मी तिच्याकडे जायला लागले. तिनं मला म्हणी दिल्या, कोडी दिली, शेतीचे शब्द, बाळंतपणाचे शब्द, भांडणातले शब्द. सहा वर्षं. माझा थीसिस तिच्या तोंडातून उतरलाय. प्रोफेसर लुगांडाची डिक्शनरी करत होता, तीसुद्धा अर्धी तिच्यावर उभी आहे, कारण माझ्या टेप त्याच्याकडे जायच्या.

एक्याण्णव साली डिक्शनरी पुरी होत आली. मोठे पाहुणे येणार होते. प्रोफेसर म्हणाला, "तुझ्या म्हातारीला घेऊन ये." मी न्याबोला सांगितलं, खुर्चीत बसून बोलायचं फक्त. मलाही तसंच वाटलं होतं. की वाटवून घेतलं होतं? काय माहीत.

ती चांगले कपडे घालून आली, डोक्याला रुमाल बांधून. तासभर बोलली. मग प्रोफेसर हात चोळत उठला, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. "अँड नाऊ, द ग्रीटिंग."

पॅकिंग लाइनवर उभं राहून राहून तिचे गुडघे सुजलेले. तिनं खुर्चीचा हात धरला. माझ्याकडे बघितलं.

मी टेपरेकॉर्डर बंद केला.

"नो," मी म्हणाले. "शी इज नॉट डूइंग इट."

"डोन्ट बी सिली. इट्स हर कल्चर."

"कल्चर आहे ना? मग उत्तर द्यायला शिका आधी. मी सात वर्षांपूर्वी इथंच गुडघे टेकले होते. दिवस कसा गेला असं विचारलं होतं. तुम्ही अजून सांगितलेलं नाही."

कोणी हसलं नाही. प्रोफेसरचा चेहरा लाल झाला. मी न्याबोचा कोट घेतला, तिचा दंड धरला आणि आम्ही निघालो. जिना उतरताना आतून मी फुलले होते. खोटं कशाला बोलू? वाटत होतं, केली बाबा आपण क्रांती.

पॅडिंग्टन स्टेशनहून ट्रेनमध्ये बसलो. ती खिडकीबाहेर बघत होती. मग वळून म्हणाली, "तू मला विचारलं नाहीस."

"काय?"

"तिथं न्यायच्या आधी नीट सांगितलं नाहीस. आणि तिथं गेल्यावर माझ्या वतीनं नाही म्हणालीस, तेही न विचारता. मी पंचवीस वर्षं शाळा चालवली आहे. मला 'नाही' म्हणता येतं."

मग तिनं माझी वही मागितली. सहा वर्षांची ती वही, शब्दांनी गच्च भरलेली. तिनं चष्मा लावला, पानं उलटली. दर पानावर डाव्या कोपऱ्यात मी लिहिलेलं होतं, 'इन्फॉर्मंट वन'. माहितीदार क्रमांक एक.

तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"तुम्ही," मी म्हणाले.

तिनं चष्मा काढला, वही मिटली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

माझ्या आज्याला गावात कोणी नावानं हाक मारली नाही. वेसकरकी करायचा, वेशीची राखण, गावभर राबायचा. 'ए म्हारा' म्हटलं की धावायचा. तो मेल्यावर पाटलाच्या मुलानं बापाला विचारलं, म्हातारा कोण मेला, नाव काय त्याचं? पाटलाला ते माहीत नव्हतं. ही गोष्ट बाप सांगायचा तेव्हा माझ्या डोळ्यांत रक्त उतरायचं. आणि मी काय केलं होतं? तेच. तेच केलं होतं. जिनं मला जेवू घातलं, जिनं मला भाषा दिली, तिला मी नंबर दिला होता. पाटलाला निदान नाव माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पुस्तकं असंच सांगतात, शास्त्रात असंच असतं, म्हणून मी लिहीत गेले. प्रोफेसरला शिव्या घालायला सोप्या होत्या. वहीत अक्षर माझं होतं.

पुढच्या रविवारी मी तिच्या दारात गेले. माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं काय करू? नाव लिही." मी विचारलं, लिहिलेलं चालेल ना तुम्हाला, कुठं लिहू? ती म्हणाली, "जिथं तुझं आहे तिथं."

वही काढली. सहा वर्षांच्या पानापानावरचं 'इन्फॉर्मंट वन' खोडून तिथं तिचं नाव लिहिलं. थीसिसच्या पहिल्या पानावर माझ्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत टाईप केलं: एस्तेर नामुली, शिक्षिका.

महिन्याभरात प्रोफेसरचं पत्र आलं. सभ्य पत्र होतं. झाल्या प्रसंगाबद्दल त्याच्या मनात काही नाही. काम उत्तम आहे. फक्त पहिल्या पानावरचं दुसरं नाव काढावं, आत 'इन्फॉर्मंट' लिहावं, तशी पद्धत आहे. मग तो लगेच सही करेल.

आई म्हणाली, "काढ की गं. एक नाव तर आहे. डॉक्टर झाल्यावर मग हवं ते लिही." बाप ते पहिलं पान हातात धरून बसला होता, इंग्रजी अक्षरं जुळवत वाचत होता.

मी उत्तर पाठवलं. दोनच ओळी. 'नाव निघणार नाही. सही तुमच्याजवळ ठेवा.'

सही झाली नाही. युनिव्हर्सिटीतल्या नोकरीच्या दोन जागा हातच्या गेल्या. डिक्शनरी निघाली, जाडजूड, देखणी. आभारात तिचा उल्लेख असा आहे: 'स्लाऊ येथील एक वयस्क स्त्री'. मी अजून लायब्ररीतच आहे. कौन्सिलशी भांडून लुगांडाचं एक शेल्फ मिळवलं, शनिवारचा वर्ग मिळवला. तिथं निर्वासितांची मुलं येतात आणि न्याबो त्यांना शिकवते. थीसिस मी दुसऱ्या युनिव्हर्सिटीत घातला. तिथूनही गेल्या आठवड्यात फोन आला. नव्या सुपरवायझरला बाकी सगळं पसंत आहे, त्या पहिल्या पानाबद्दल तेवढं बोलायचंय.

बोलू या. मी येते. पण ते पान बदलणार नाही. इथं नाही, तर तिसरीकडे. तिसरीकडेही नाही, तर डॉक्टरेट गेली खड्ड्यात. ज्या माणसाचं नाव लिहायची तुमची तयारी नाही, त्याच्या तोंडचा एक शब्दही माझ्या हातून तुम्हाला मिळणार नाही.