शिखरावरचा ध्वज

गुढीपाडव्याला मी डीएसएलआर घेतला आणि जुना, हातात मावणारा कॅमेरा त्याच दुकानात एक्स्चेंजमध्ये देऊन आलो. दुकानदार म्हणाला होता, राहू द्या हवं तर. मीच शहाणा! म्हटलं, घरात पडून काय करायचाय?

तो जुना कॅमेरा दिसायला अगदी खेळणं, पण झूम बाप रे बाप! आमच्या गच्चीवरून पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारी माणसं त्यात दिसायची. आणि माहेरी गेल्यावर आईला दिसायचा सप्तशृंगीचा ध्वज.

आईचं माहेर वणीजवळचं. चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्री गडाच्या सरळसोट शिखरावर मानकरी चढतो आणि नवा ध्वज लावतो. देवळापर्यंत ट्रॉलीनं जाता येतं, पण तिथून मान कितीही मागं टाकली तरी वरचं काही दिसत नाही. ध्वज बघायचा तर खालच्या शेतांतून. आई परकरात होती तेव्हापासून वडिलांच्या शेताच्या बांधावरून बघत आलेली. पुढं तिच्या डोळ्यांचा पडदा अधू झाला, तेव्हा मी तो कॅमेरा घेऊन तिच्यासोबत जायला लागलो. झूम पार टोकापर्यंत ताणायचा, की स्क्रीनभर भगवं कापड फडफडायचं. आई स्क्रीनलाच हात जोडायची. मामी हसायच्या, "वन्सं, कॅमेऱ्याला नारळ फोडा आता."

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, पडदा किती दिवस साथ देईल याचा भरवसा नाही. म्हणून तर हा नवा! मोठा कॅमेरा म्हणजे लांबचं आणखी मोठं, आणखी स्वच्छ दिसणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. दुकानदाराला विचारलंही, "लांबचं दिसेल ना?" तो म्हणाला, "अहो, क्वालिटी बघा!" मी क्वालिटी बघत बसलो.

पौर्णिमेला सकाळी आम्ही बांधावर उभे राहिलो. पलीकडच्या रस्त्यानं खानदेशातून पायी आलेली माणसं गडाकडं चालली होती. मी लेन्सची रिंग फिरवली. ती लगेच अडकली. पुन्हा फिरवली. डोंगर होता तिथंच. समोरच्या द्राक्षबागेतलं पान न् पान स्वच्छ, आकाश स्वच्छ, आणि शिखरावर काहीच नाही. फोटो काढून स्क्रीनवर मोठा केला, तर नुसते भुरके चौकोन. लांबचं बघायला वेगळी लेन्स लागते, हे त्या बांधावर मोबाइलवर वाचताना मला कळलं. मोबाइलचा झूमही करून पाहिला, त्यात तर डोंगरच विरघळला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आई चष्मा पुसून पुसून स्क्रीनजवळ तोंड नेत होती.

"लावलाय ना रे ध्वज?"

"लावलाय आई. तिथंच आहे."

"मग मला का दिसेना?"

"अगं, कॅमेऱ्यात येत नाहीये. यात मलाही नाही दिसत."

तिनं माझ्या गळ्यात लटकलेल्या त्या धोंड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "उगी समजूत काढू नकोस. त्या इवल्याशात दिसायचा मला. हा तर एवढा मोठा आणलास."

मी शपथा घेतल्या, चिडलो, लेन्सचं सगळं समजावलं. ती ऐकत होती, लहान मुलाचं ऐकावं तशी. जुना कॅमेरा हातात असता तर एका बटणात तिला दाखवलं असतं, की आई, अजून दिसतंय तुला. पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी तो कुणीतरी विकत नेला होता. दुकानात फोन केला तेव्हा कळलं.

"गेले म्हणायचे डोळे," आई म्हणाली. तिनं चष्मा काढून डबीत ठेवला, डोंगर असेल अशा अंदाजानं हात जोडले. त्या बांधावर ती लहानपणापासून वावरलेली. परत निघताना तिनं पहिल्यांदाच माझा हात मागितला.