चोवीस मिनिटांची म्हैस

आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, गेल्या दहा वर्षांतली तुमची सगळ्यात आवडती जपानी अ‍ॅनिमे मालिका कोणती, आणि का. पुण्या-मुंबईची, नागपूरची पोरं तुटून पडली. कुणी चित्रांबद्दल लिहिलं, कुणी संगीताबद्दल, एकाने तर त्यातल्या तलवारबाजीवर तीन मेसेज भरून व्याख्यान झोडलं. मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. खरं कारण द्यायचं तर म्हशीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि मी हे सगळं कडावच्या एका गोठ्यात बसून पाहिलंय हे ग्रुपवर कुणालाच माहीत नाही.

माझं माहेर मोहोपाड्याचं. वडील कारखान्यात, आम्ही कॉलनीत. शाळेत असताना या जपानी कार्टूनचं वेड लागलं ते लग्नानंतरही सुटलं नाही. सासर कडावचं, आणि चांगलं आहे, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारा सासूबाईंना उगाच शिव्या द्यायचा. नवऱ्याचा टेंपो, घरची भातशेती आणि तीन म्हशी. छळ वगैरे काही नाही. फक्त एकटीने बसायला जागा नाही. आतल्या खोलीचं दार जरा ओढून घेतलं की, "बरं नाय का गं?" म्हणत कुणीतरी आलंच. मी बरी होते. मला चोवीस मिनिटं हवी होती, कारण मालिकेचा एक भाग तेवढाच असतो.

ती मिळाली धाकट्या म्हशीमुळे. तिचं पहिलंच वेत होतं, नुकतीच व्यायली होती. एके दिवशी ती बिचकली आणि सासूबाईंच्या हातातली चरवी लाथेने उडवली. मी जाऊन बसले, कास धुतली, फोनवर सवयीने एका मालिकेचं सुरुवातीचं गाणं लावलं, आणि तिने मुकाट दूध दिलं. दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंनाही तितक्याच मुकाट देणार होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी म्हणाले, "आई, हिला माझ्याच हाताची सवय लागलीये वाटतं. बाकी कुणी आलं की बिचकते. आणि पान्हा सोडायला वेळ लावते, जवळ बसून राहावं लागतं."

सासूबाईंचे गुडघे दुखायचे. त्यांना बरंच वाटलं. "मग तूच बस गं बाय," म्हणाल्या.

म्हैस खरं तर तीन मिनिटांत पान्हा सोडायची. पण मी चोवीस मिनिटं घ्यायचे, सकाळी एक भाग आणि दुपारी चारला एक. फोन गव्हाणीच्या कडेला टेकवायचा, कानात इअरफोन नाही, दोन्ही हात कामात. बाकीच्या दोघींची धार आधीच उरकलेली असायची. घरातलं कुणी फिरकायचं नाही, म्हैस बिचकेल म्हणून. इतकं सोपं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही, आणि इतकं कामाचंही.

माझी दहा वर्षं मी वर्षांनी मोजत नाही, वेतांनी मोजते. पहिल्या वेताला भूतंखेतं आणि राक्षस मारणारी पोरं पाहिली. तिसऱ्याला खेळाच्या मालिका, त्यात शेवटच्या चेंडूला सहा भाग लागतात आणि मी हसत बसायचे. म्हैस आटली, दूध बंद झालं, की माझं पाहणंही आटायचं. माझ्या बाळंतपणात ती नेमकी आटलेली होती, म्हणून माझं पितळ उघडं पडलं नाही. पाचव्या वेताला ती मालिका भेटली, जी मी ग्रुपवर लिहिणार होते. दोन बेटांमध्ये छोटी बोट चालवणारी एक मुलगी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं पलीकडे सोडायची आणि परत यायचं. बारा भागांत एवढंच. कुणी पलीकडून शहराला जातं, कुणी लग्न करून जातं, ती हात हलवते आणि बोट वळवते. सातव्या भागात मला तिचा राग आला. उतर की एकदा, असं मी मोठ्याने म्हणाले, तर म्हशीने कान टवकारले. तो राग खरा कुणावर होता ते मला तेव्हाच कळलं होतं.

कारण तोवर खोट्याची दुसरी बाजू दिसायला लागली होती. भावाच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी जेवणाच्या पंगतीतून उठले, चारच्या आत कडावला पोचायचं म्हणून. आई म्हणाली, "भाऊ मोठा की म्हैस?" इकडे सासूबाई गावभर सांगत फिरायच्या, "आमची सून हाय म्हनून दूध हाय." दहा वर्षांत, ती दुभती असताना, मी एकदाही माहेरी रात्र काढली नाही. म्हैस विकायचा विषय निघाला तेव्हा नवराच म्हणाला, हिचा जीव आहे तिच्यावर, राहू दे. जीव होताच, खोटं कशाला बोलू.

इतकी वर्षं ऐकून ऐकून जपानी कानात बसलं होतं. मग मी वहीत अक्षरं गिरवायला लागले, पोरीच्या अभ्यासाला बसल्यासारखी तिच्या शेजारी बसून. माहेरच्या एका मैत्रिणीने सांगितलं की खालापूरकडच्या एका कारखान्यात जपानी कागद वाचणारं माणूस हवंय, पण परीक्षेचं सर्टिफिकेट लागेल. परीक्षा पुण्याला, रविवारी. सकाळी निघायचं, दुपारी पेपर, घरी यायला रात्रीचे नऊ. मी फॉर्म भरला आणि मग नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. "जा ना," म्हणाला. "बसशील तू त्या ऑफिसात." मला ते खरोखर हवं होतं. दहा वर्षांत मी दुसरं काही एवढं मागितलं नव्हतं.

राहिली चारची धार. त्यासाठी काय, खरं सांगून टाकायचं. परीक्षेला दहा दिवस असताना मी सासूबाईंना गोठ्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "आई, मी खोटं बोलत होते. ही कुणालाही दूध देते. मला जरा एकटीने बसता यावं म्हणून मी तसं सांगायचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या पदर खोचून खाली बसल्या. "मंग बगू की."

कास धुतली, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढे ठेवलं. म्हशीने आंबोणाला तोंड लावलं नाही. सड ओढले तर चार थेंब आले. मी गाणं लावलं. तिने मान वळवून गोठाभर शोधलं, मी दारात दिसले तशी माझ्याकडे बघत राहिली, पण दूध चोरूनच धरलं. पारडू असतं तर ते सोडून पान्हा फोडता आला असता, पण या सातव्या वेताचं पारडू आठ दिवसांतच गेलं होतं. वीस मिनिटांनी सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"खोटं कुठं बोललीस गं?" त्या म्हणाल्या. "खरंच बोलत व्हतीस. उगाच सवताला बोल लावून घेऊ नको."

मग मी बसले. तीन मिनिटांत चरवीत धार वाजायला लागली. मला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. माझा कबुलीजबाबच कुणी घेतला नाही.

आठ दिवस रोज प्रयत्न केला. सासूबाई माझी साडी गुंडाळून बसल्या, नवरा बसला, एकदा मी शेजारी उभी राहून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. ती ढिम्म. मी दहा वर्षं जे सांगत आले होते तेच ती आता खरं करून दाखवत होती. शुक्रवारी नवरा म्हणाला, "पान्ह्याची एक सुई टोचू. लोक रोज टोचतात. एका दिवसानं काय व्हतंय?" तो माझ्यासाठीच म्हणत होता. पण त्या सुया मी पाहिल्या आहेत. एकदा लावली की जनावर सुईशिवाय पान्हा सोडत नाही, आणि सुईसाठी शेपटी धरली की कसं थरथरतं ते विसरता येत नाही. आणि धार रात्री नऊपर्यंत तुंबवली तर कास दगड होते, तापते. सवय मी लावली होती. टोचून मात्र तिला घ्यावं लागणार होतं.

मी म्हणाले, पुढच्या वेळी देईन परीक्षा. सासूबाईंनी त्या रात्री मला आवडतं म्हणून वालाचं बिरडं केलं, आणि मी माझी वाटी पोरीपुढे सरकवली.

रविवारी चारला मी गोठ्यात बसले. त्याच वेळी पुण्याला जपानी ऐकून उत्तरं द्यायचा पेपर चालू असणार होता. मी मुद्दाम कधी न पाहिलेली मालिका लावली. खालच्या इंग्रजी ओळी अभ्यासासाठी महिनाभर बंदच ठेवल्या होत्या. एक म्हातारी आणि तिची मुलगी स्वयंपाकघरात बोलत होत्या, आधी भाजीवरून, मग घर विकण्यावरून, मग भांडण. मध्ये एक माणूस फोनवर पटापट काहीतरी सांगत होता. हात चालू होते. भाग संपला, नावं वर सरकायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की मला सगळं समजलं होतं. भांडणसुद्धा, फोनवरचं पटापट बोलणंसुद्धा. एकही शब्द अडला नव्हता. मी पास झाले असते.

ते सांगायला तिथे कुणीच नव्हतं. मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. म्हशीने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, अंग आखडलं, आणि धार थांबली. चरवी अर्धीसुद्धा भरली नव्हती. मी पुन्हा पुन्हा सड ओढून पाहिले, काही येईना. मी रडत होते तोवर ती काही देणार नव्हती. मग मी डोळे बाहीला पुसले, दोन मोठे श्वास घेतले आणि तिची कास पुन्हा धुवायला घेतली.