भाऊची माऊ

शिंपीणबाई, हे पत्र तुम्ही स्वतःच वाचणार, म्हणून अक्षर मोठं काढते. गोष्ट तुमचीच आहे, पण ‘ती’ म्हणून सांगते. तोंडावर कौतुक करणं मला जमत नाही.

तर एक होती शिंपीण. प्रौढांच्या निरक्षरतेवर टीव्हीसाठी टेलिफिल्म होत होती, तिच्या कपडेपटात ही शिवणकामाला होती. हिला स्वतःलाच अक्षरओळख नव्हती. मापं ती दोऱ्याला गाठी मारून ठेवी. लोकांना वाटे, जुनी पद्धत असेल. कळलं तर काम जाईल, ही धास्ती मात्र जिवाला कायमची.

एक दिवस फिल्ममधल्या प्रौढवर्गात बसणारी नटी आजारी पडली. दिग्दर्शक कपडेपटात डोकावला.

“मावशी, उद्या तुम्हीच बसा. उठायचं, फळ्यावर ‘भाऊ’ लिहायचं, बसायचं. झालं!”

नाही म्हणावं तर कारण काय सांगणार? संध्याकाळी तिनं वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचं, म्हणजे माझं, दार वाजवलं आणि ‘भाऊ’ गिरवून गिरवून घोटला.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर तिनं झोकात लिहिलं. पण ‘भ’च्या डोक्यावरची रेघ तुटकी दिसली आणि तिला राहवेना. टाका घालावा तशी तिनं ती फट सांधून टाकली.

“कट! मावशी, हे ‘माऊ’ झालं! भावाचं मांजर केलंत?”

सगळे खो खो हसले.

“उसवलेलं दिसलं, म्हणून शिवलं,” ती म्हणाली. मग तिनं मनात म्हटलं, आता कशाला झाकायचं? “मला लिहितावाचता येत नाही हो. हा एवढा शब्द कालच शिकले.”

कपडेपटाची मुख्य बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली.

“येत नाही तर नाही. तुला घालवून नायिकेचे झगे काय मी शिवत बसू? चल, बाह्या लावायच्या पडल्यात.”

दिग्दर्शकानं माऊ तशीच ठेवली. टेलिफिल्म टीव्हीवर लागली आणि संपायच्या आत सख्ख्या भावाचा फोन आला, “ताई, म्याव!”

आता ती रोज जिना चढून शिकायला येते. ‘भ’ आणि ‘ध’ला फट ठेवताना अजून कुरकुरते, “गिऱ्हाईक काय म्हणेल?”

भावाला शूटिंगच्या वेळचा त्या फळ्याचा फोटो घरात लावायला हवाय. स्टुडिओत जाऊन तो मागून आणायचं आपलं दोघींचं ठरलं होतं. कधी तुमचं गिऱ्हाईक आडवं येतं, कधी माझा गुडघा. अजून काही आपण गेलो नाही.