आमच्या धुण्याचा दगड

जिच्यावर अन्याय झाला ती भंडारदऱ्याच्या तळ्याकाठची, डाकबंगल्यावर आम्हांला दूध घालणारी महादेव कोळी जमातीची म्हातारी. कधी झाला? सन पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात, अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी. कोणी केला? सरकारनं नव्हे, सावकारानं नव्हे. आम्ही केला. भिंगारच्या एका कारकुनाच्या सुखवस्तू कुटुंबानं.

दर उन्हाळ्यात आठ दिवस आम्ही तिथं जात असू. भिंगारची धूळ, लष्करी गाड्यांचा खडखडाट सोडून तळ्याकाठी करवंदं खायची आणि डोंगराची पाण्यातली सावली बघत बसायचं. म्हातारी दुधाचं भांडं टेकवून आईला डिवचायची, "भिंगारला पाणी न्हाई का वो बाई? दरसाल आमचंच बघाया येता!"

"पाणी आहे गं, नळाचं. त्याला कोण बघतं?"

"आमीबी न्हाई बघत. खाली आमचं गाव हाय."

आम्ही हसायचो. हसायचो!

त्या सकाळी निघण्यापूर्वी आम्ही तळ्यात उतरलो. पाणी आटून भेगाळलेला गाळ उघडा पडला होता. त्यात एक सपाट दगड दिसला. आमचा धुण्याचा दगड दुभंगला होता, आई म्हणाली, "हा छान बसेल." चिखल मीच पुसला. एका बाजूला घोडा, घोड्यावर माणूस, वर चंद्र-सूर्य. वडिलांनी दगड सर्व्हिस मोटारीत घातला. घरी परसात पालथा बसवला, नक्षीत लुगडी फाटू नयेत म्हणून.

वर्षभर मी त्यावर धुणं आपटलं. संध्याकाळी त्याच हातांनी अन्यायाविरुद्ध पत्रकं लिहिली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तिथंच होतो. म्हातारी मला म्हणाली, "चल पोरी, आमचं गाव दावते." गाळात सगळी भावकी जमली होती. पाणी ओसरलं की हे लोक धरणात बुडालेल्या आपल्या गावात उतरतात, आपापल्या पितरांचे दगड धुतात, शेंदूर लावतात, पानावर भात ठेवतात. वर्षभर पाण्याखाली राहून शेंदूर निघून जातो. म्हणून आदल्या दिवशी येणाऱ्याला ते दगड बेवारशी वाटतात. आम्हांला वाटले तसे.

म्हातारीनं पान एका रिकाम्या खळग्यापुढं ठेवलं.

"हितं माजा धनी हुता. धरणात पाणी भरायच्या आदी मेला. गेल्या आखितीला आले, तर न्हाई. पाण्यानं नेला म्हनत्यात. एवढा दगूड पाण्यानं जातो व्हय?"

मी विचारलं, "काय होतं त्याच्यावर?"

"घोडं. जल्मात कंदी घोड्यावर बसला न्हाई, मेल्यावर बसवला!" ती खुदकन हसली आणि भात सारखा करू लागली.

मी तिला सांगितलं नाही. सभेत टेबलावर मूठ आपटणारी मी, तिथं तोंड शिवून उभी राहिले.

बंगल्यावर येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "दगड तो दगड. आणि वर्षभर धुणं पडलंय त्यावर. आता नेऊन दिलास तर तिला काय सांगशील?" पण घरी परतल्यावर आई त्या दगडावर धुवायला बसली नाही. मोरीच्या फरशीवर बसली.

वडिलांच्या त्या प्रश्नानं मला वर्षभर गप्प बसवलं. म्हातारीचं आणखी एक वर्ष मी खाल्लं. आता पुरे. काल पहारीनं दगड उकरला. घोड्याच्या पायांत खाली झिरपलेल्या साबणाचा पांढरा थर बसला आहे. तो मी खरवडणार नाही. तिनं बघावा. येत्या आखितीच्या आत मोटारीच्या टपावर घालून मी तो नेणार, आणि कशासाठी वापरला तेही तिच्या तोंडावर सांगणार.

तुम्हीही त्या तळ्यावर सहलीला गेला असाल. उठा, तुमच्या मोरीतला, उंबऱ्यापुढचा, तुळशीखालचा तिथून आणलेला दगड उलटा करून बघा. घोडा दिसला तर पाणी चढायच्या आत जिथून उचललात तिथं नेऊन ठेवा. माणूस पाठवू नका. स्वतः जा.