कुईवाले आणि उजेडाची तार

आमच्या ह्यांना जगात एकाच माणसाचा हेवा वाटतो, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे. शेजाऱ्यानं बंगला बांधला तरी ह्यांच्या कपाळावर आठी पडत नाही. पण साडूनं दुकानाची पाटी नुसती पुसून घेतली, तरी त्या दिवशी आमच्या घरात भांडी जरा जोरात वाजतात.

दोघांचा धंदा एकच, गाड्यांमध्ये गाणी बसवायचा. म्हणजे पुढचा डेक, दारातले स्पीकर, डिकीतला आवाज वाढवणारा अँप आणि त्या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी. दुकानंही एकाच रस्त्यावर, समोरासमोर. आमच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात माझं शिलाई मशीन आहे, मी सीटकव्हरं शिवते. त्यामुळे मला सगळं दिसतं, आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं.

बाजारात ह्यांना 'कुईवाले' म्हणतात. गाडी रेस केली की कधी कधी गाण्याच्या मागून एक बारीक कुईईई ऐकू येते आणि रेसबरोबर चढत जाते. ती इंजिनाकडून येते आणि वायरीतून स्पीकरमध्ये घुसते. ती काढताना भल्याभल्यांना घाम फुटतो. हे मात्र गाडीत डोळे मिटून बसायचे, अर्थिंगची एखादी वायर इथली काढून तिथे लावायचे, की कुई गप. ह्यांचा दुसरा अभिमान म्हणजे वायरिंग. गालिच्याखाली, जिथे कुणी जन्मात बघणार नाही, तिथेही वायर सुतासारखी सरळ. प्रत्येक वळणावर काटकोन, वीतभर अंतरावर प्लास्टिकची पट्टी, आणि पट्टी अशी आवळलेली की वायरीनं श्वास घेऊ नये. मी त्या कामावरच भाळले होते, खोटं कशाला बोलू.

मग समोरच्यानं नवीन टूम काढली. आम्ही घरात त्याला धाकटाच म्हणतो. धाकट्यानं ऑप्टिकल केबल आणली. डेकपासून अँपपर्यंत गाणं विजेनं न्यायचंच नाही, उजेडानं न्यायचं. बारीक काळी दोरी, तिच्या पोटात काचेसारखा दिसणारा प्लास्टिकचा तंतू. डेकच्या बाजूनं लाल उजेड आत शिरतो, अँपच्या टोकाला लाल ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्यातून गाणं येतं. उजेडाला इंजिनाशी काही देणंघेणं नाही. म्हणजे त्या वाटेनं कुई येणारच नाही, मग काढायची कुठून?

आता ज्या माणसानं साप पकडून नाव कमावलं, त्याच्या गावातले सापच संपले तर त्यानं काय पेढे वाटायचे?

"खेळणं आहे ते," हे म्हणाले. पण त्या दिवसापासून समोर कोणाची गाडी आली आणि किती वेळ थांबली, हे ह्यांना तोंडपाठ. गिऱ्हाईक तिकडून हसत निघालं की ह्यांच्या हातातला स्क्रू हमखास सीटखाली जायचा. मीही काही कमी नाही. बहिणीनं नवे पडदे लावले की तोंडावर छान म्हणते, आणि घरी येऊन माझे धुवायला काढते. पोटात दुखायचं ते दुखतंच.

अशात बाबांनी गाडी घेतली. माझ्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. गाणं लागायचं ते मागे बसलेल्या माणसाच्या आवडीचं, नाहीतर लागायचंच नाही. आता जुनी का होईना, स्वतःची गाडी आली होती, आणि रविवारी आईला शेजारी बसवून, आपल्याला हवं ते गाणं लावून पहिली फेरी मारायची असं त्यांनी ठरवलं होतं. ते धाकट्याला 'अरे' म्हणतात आणि ह्यांना 'तुम्ही'. लोकांना वाटतं केवढा मान. ह्यांना तो मान सलतो. "परक्याशी बोलल्यासारखे बोलतात माझ्याशी," असं मला कितीदा ऐकवलं असेल.

गाडी आमच्या दारात आली, मोठ्या जावयाचा हक्क म्हणून. पण किल्ली देताना बाबा म्हणाले, "ते उजेडाचं काहीतरी निघालंय म्हणे. तुम्हाला जमत नसेल तर मी समोर..."

"जमतं," हे म्हणाले. वाक्य पुरं होऊच दिलं नाही.

समोर सुगावा लागू नये म्हणून केबल गावाच्या दुसऱ्या टोकाकडून आणली. शनिवारी सकाळी टेबलावर लावून बघितली, लाल ठिपका लख्ख. मग ह्यांनी ती गाडीत घातली, जीव ओतून घातली. काटकोन, पट्टी, काटकोन, पट्टी. मी माझ्या मशीनवरून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता बघू दे बहिणीला.

डेक चालू केला. आवाज नाही. हे केबलच्या टोकाशी डोळा लावून बसले, तर ठिपका गायब. हातात मीटर घेऊन सगळी गाडी पालथी घातली, पण मीटरला वीज कळते, उजेड कळत नाही. "केबलच खराब निघाली," म्हणून दुसरी आणली. ती पहिलीपेक्षा नीट बांधली. तीही मुकी.

"अहो, समोर विचारा ना."

"त्याचे पाय धरू?"

"पाय नका धरू. नुसतं विचारा."

"त्यापेक्षा मी तुझ्या मशीनवर सीटकव्हरं शिवीन."

रविवारी सकाळी हे तिसरी केबल आणायला गेले. आईबाबा यायची वेळ होत आली होती. तोंडाला कुलूप घातलेली गाडी बाबांच्या हातात द्यायची या कल्पनेनंच मला कसंतरी झालं. मी रस्ता ओलांडला. बहिणीच्या नवऱ्यापुढे उभं राहून "जरा येता का?" एवढं म्हणायला मला किती जड गेलं, ते माझं मला माहीत.

धाकट्यानं गालिचा उचलला. एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "ताई, असं काम माझ्या हातून या जन्मी व्हायचं नाही," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पण ही वायर नाही हो. हिला कोपऱ्यात मोडलं आणि आवळलं की उजेड तिथेच मरतो. हिला सैल वळण लागतं." जाऊन त्यानं स्वतःच्या दुकानातली केबल आणली, जुनी काढली, नवी ऐसपैस वळणानं टाकली, पट्ट्या ढिल्या ठेवल्या. गाणं लागलं. जाताना म्हणाला, "बाबांना काही बोलू नका. काम दादांचंच आहे."

हे परतले तेव्हा बाबा स्टिअरिंगवर बसले होते, गाणं चालू होतं, आणि बाबांनी रेस देऊन बघितली तरी कुईचा मागमूस नव्हता. ह्यांच्या हातातली पिशवी हातातच राहिली. बाबांनी खिडकीतून समोर हाक मारली, "अरे, इकडे ये. बघ, काम कसं असतं. शिक जरा ह्यांच्याकडून."

"हो बाबा," धाकटा रस्त्याच्या पलीकडून म्हणाला. अगदी साध्या चेहऱ्यानं.

ह्यांनी वाकून गालिच्याचं टोक उचललं. आत ते सैल, लोळणारं वळण होतं. असलं वळण आमच्या ह्यांनी झोपेतही दिलं नसतं. क्षणभर माझ्याकडे बघितलं, गालिचा सोडला, आणि माझ्याशेजारी मागच्या सीटवर येऊन बसले.

गाडी निघाली. बाबा गुणगुणत होते, आई गालात हसत होती. आमच्या ह्यांनी डोळे मिटले होते. कान लावून ते कुई शोधत होते, आणि ती ऐकू यावी म्हणून जीव टाकत होते, हे मला शपथेवर सांगता येईल. ती आली नाही.

"तू बोलावलंस त्याला?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हो."

"मग बाबांना का नाही सांगितलं त्यानं?"

"तुमचा मान राहावा म्हणून."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाले, "सांगायला हवं होतं गं. मग मला त्याचा नुसता राग आला असता."